हजेरीपटावर सात

लग्नसराईत लहान छापखान्यांत एक मजकूर कधी मोडत नसत. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘अगत्य येण्याचे करावे’पर्यंतचा सगळा साचा सुतळीने आवळून गॅलीवर तयार ठेवलेला असे. गिऱ्हाईक आले की वधूवरांची नावे, तिथी, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता एवढेच खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, बदलायचे. पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका छापखान्यात हे खिळे जुळवणारे एक जुळारी गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत पहिले प्रूफ त्याच्या हातात देत. वधूपिता चष्मा पुसून नावे तपासू लागले की शेजारी उभे राहून सांगत, ‘‘चि. सौ. कां. मधल्या ‘कां’वर टिंब हवंच बरं का, ते खोडू नका.’’ छापखान्यात त्यांना सगळे नाना म्हणत.

नाना मुळशीकडचे. सातवीनंतर शाळा सुटली आणि मामाच्या ओळखीने छापखान्यात लागले. सुरुवातीला काम एकच, मजकूर सोडण्याचे. छापून झालेल्या ओळींतला एकेक खिळा उचलून केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतल्या, त्याच्या घरात परत टाकायचा. ‘प’च्या घरात चुकून ‘ष’ पडला तर त्या वेळी कोणी ओरडत नसे. पण दुसऱ्या दिवशी फोरमनच्या बोटांत तो ‘ष’ यायचा, आणि मग अख्ख्या छापखान्याला कळायचे की काल मजकूर कोणी सोडला. स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, हातात मिळायला बरीच वर्षे गेली. तोवर कुठले अक्षर कुठल्या घरात आहे हे बोटांना पाठ झाले होते, डोळ्यांना विचारावे लागत नव्हते.

हे पाठांतर सोपे नव्हते. इंग्रजी जुळाऱ्याचे काम दीडशेच्या आसपास घरांत भागते. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून त्याच्या कितीतरी पट घरे लागतात. म्हणून मराठी जुळारी दोन्ही बाजूंना केस मांडून मध्ये उभा राही. त्यातही डिग्री पद्धतीचे खिळे असले तर एकच ओळ तीन मजल्यांत जुळवायची, वर मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार. खिळ्यावरचे अक्षर उलटे, आणि स्टिकमधली ओळही उलटी वाचायची. टिळकांसारख्या माणसाने देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यात डोके घातले ते उगीच नव्हे. वर्तमानपत्र वेळेवर निघणे या घरांच्या संख्येवर अवलंबून होते. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो १९७१ साली राज्याच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. अभ्यासकाला जे तीन खंडांत मांडावे लागले, त्यातले कामापुरते ज्ञान नानांसारख्यांच्या हातात होते. त्यांनी ते कधी ज्ञान म्हणून मोजले नाही, एवढेच.

शुद्धलेखनाचेही तसेच. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. लेखकांनी त्यावर लेख लिहिले, वाद घातले. जुळाऱ्यांच्या दृष्टीने बदल इतकाच, की टिंबाची काही घरे रोज रिकामी होत होती ती भरलेलीच राहू लागली. पण नाना आणि त्यांच्या पिढीचे लोक नियम शिकले, आणि मोठमोठ्या लेखकांच्या वेलांट्या त्यांना न विचारता सुधारू लागले. मराठीतल्या किती नामवंतांचे शुद्धलेखन मुळात जुळाऱ्याचे आहे, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

या कामाची आरती ओवाळण्याचे मात्र कारण नाही. दिवसभर उभे राहून पायांच्या शिरा फुगत. चाळिशीच्या आत डोळे अधू होत. खिळ्याचा धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण. १९४८ च्या कारखाने अधिनियमाला जी रोगांची अनुसूची जोडली होती, तिच्यात पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. नानांच्या छापखान्यात मालक रोज गुळाचा खडा वाटत. गूळ खाल्ला की शिसे बाधत नाही, अशी समजूत होती. जेवणाआधी साबण आणि वाहते पाणी मिळाले असते तर जास्त उपयोग झाला असता. पगार बेताचा, दिवाळी अंकांच्या दिवसांत रात्रपाळी, आणि पावसाळ्यात काम थंडावले की उचल घ्यायची. आपला मुलगा जुळारी व्हावा असे नानांना एकदाही वाटले नाही.

तरीही या धंद्यात एक गोष्ट होती. ती म्हणजे टिकाऊपणा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्या छापखान्यातला जुळारी शंभर वर्षांनी उठून नारायण पेठेत आला असता, तर स्टिक हातात घेऊन दुपारपर्यंत कामाला लागला असता. मधल्या काळात यंत्रे आली नव्हती असे नाही. एकेक ओळ ओतून काढणारे लायनोटाइप १८८६ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाले, आणि १९३० च्या दशकात ते देवनागरीतही आले. पण ते यंत्र घेण्याची ऐपत बड्या वर्तमानपत्रांची. पेठेतला छापखाना त्या यंत्राच्या किमतीमुळेच वाचला. महाग यंत्राने लहान माणसाला धक्का लावला नव्हता, त्याला उठवले ते स्वस्त यंत्राने.

१९८५ मध्ये अमेरिकेत पान लावण्याचे पेजमेकर सॉफ्टवेअर आणि लेझर प्रिंटर ही जोडी बाजारात आली. टेबलाशी बसून एका माणसाने पान लावायचे आणि छापून काढायचे. देवनागरीचा प्रश्न उरला होता, तो सोडवण्यात पुण्याचा वाटा मोठा. १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था स्थापन झाली आणि कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले भारतीय लिप्यांचे जिस्ट तंत्रज्ञान तिच्याबरोबर पुण्याच्या गणेशखिंडीत आले. पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी ही टंकनप्रणाली गल्लीबोळातल्या संगणकांवर दिसू लागली. हे काम मोठे होते, त्याच्यामुळे मराठी संगणकावर आली, याबद्दल दुमत होऊ नये. मात्र गणेशखिंड आणि नारायण पेठ यांच्यात बसच्या एका तिकिटाचे अंतर आहे. ज्यांनी हयात देवनागरी अक्षरे हाताळण्यात घालवली होती, ती माणसे त्या तिकिटापलीकडे राहत होती. त्यांचा काही उपयोग होईल का, हा विचार त्या बाजूने झाला नाही, आणि या बाजूने तो सुचण्याचा प्रश्नच नव्हता.

नानांच्या छापखान्यात बदल मागच्या दाराने आला. आधी मालक फक्त पुस्तकांची मुखपृष्ठे संगणकावर पाने लावणाऱ्या डीटीपीवाल्याकडे द्यायला लागले. मग आतली पाने. लेखकांना फरक ताबडतोब कळला. खिळ्यांच्या काळात गॅली प्रुफानंतर एक वाक्य वाढवायचे म्हटले तरी पुढची पाने हलत, म्हणून लेखक विचार करून लिहीत, निदान विचार करून बदलत. आता सातव्या प्रुफातही परिच्छेद फिरवता येऊ लागला. बटर पेपरवरचे ट्रेसिंग थेट ऑफसेटच्या प्लेटला जाऊ लागले, तेव्हा खिळ्यांवर छापणाऱ्या ट्रेडल मशीनला पावतीपुस्तके आणि हँडबिले एवढेच काम उरले. अखेर मालकांनी कर्ज काढून संगणक घेतला. त्यावर बसायला मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली एक विशीतली मुलगी आली.

नानांनी शिकण्याचा प्रयत्न केला. संध्याकाळी सगळे गेले की ती मुलगी त्यांना शिकवायची. टंकलेखनाचा कळफलक त्यांना चढला नाही, कारण त्यांच्या बोटांत दुसराच नकाशा होता. पण खरी अडचण वेगळी होती. पडद्यावरचे अक्षर मराठी होते, भोवतालचे सगळे इंग्रजी. फाइल, एडिट, सेव्ह, अबॉर्ट, रिट्राय. मराठीच्या वेलांट्या डोळे मिटून लावणाऱ्या माणसाला संगणक प्रत्येक पावलावर इंग्रजीत प्रश्न विचारत होता, आणि चुकीचे उत्तर दिले तर दिवसभराचे काम पुसून टाकत होता. एकदा एका पुस्तकाचे अख्खे प्रकरण असे गेले. मुलीने ते रात्री थांबून पुन्हा टाइप केले आणि कोणाला सांगितले नाही. नानांनी त्यानंतर कळफलकाला हात लावला नाही.

चुका मात्र त्यांना टेबलापलीकडूनही दिसत. सुरुवातीच्या फाँटांमध्ये जोडाक्षरे मोडत, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे, पानाच्या डोक्यावर परिच्छेदाची एकच ओळ एकटी राही. नाना बोट दाखवत. मुलगी आधी दुरुस्त करी, मग कंटाळून म्हणू लागली, ‘‘ते कम्प्युटरमध्येच तसं आहे, नाना.’’ या एका वाक्यापुढे त्यांच्या तीस-पस्तीस वर्षांना उत्तर नव्हते. आजवर चूक कोणाची तरी असे, आता ती कोणाचीच नव्हती.

मग एका सकाळी मालक म्हणाले, ‘‘नाना, उद्यापासून जरा बाइंडिंगला बसा.’’ पगार तोच ठेवला. पुढे तो वाढलाही नाही. फर्मे मोडायचे, घड्या घालायच्या, गिऱ्हाइकांकडे गठ्ठे पोचवायचे. केसमधले खिळे विकायचे ठरले, तेव्हा ते पोत्यांत भरायचे कामही नानांनाच सांगितले, कारण कशात काय आहे हे त्यांना ठाऊक. भंगारवाला सगळे एकाच काट्यावर किलोने घेणार होता, तिथे पाइका आकार काय आणि ग्रेट काय. तरी नानांनी प्रत्येक टाइपाचे पोते वेगळे भरले. भंगारवाल्याने टेम्पोत सगळी एकावर एक रचली.

यानंतर काही महिन्यांनी नाना यायचे बंद झाले. कोणी काढले नाही, कोणी अडवलेही नाही.

इथे तेव्हाचा कायदा काय म्हणत होता ते पाहण्यासारखे आहे. त्या छापखान्याच्या हजेरीपटावर सात नावे होती. कारखाने अधिनियम लागू व्हायला, वीज वापरत असाल तर, दहा कामगार लागत. १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा दहांपासून, भविष्यनिर्वाह निधीचा वीसांपासून. औद्योगिक विवाद अधिनियमात कामगार कमी करताना सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई सांगितली होती, तिला माणसांच्या संख्येची अट नव्हती. पण ती मिळायला माणसाला कमी केलेले असावे लागे. नानांना कमी केले नव्हते, बाइंडिंगला बसवले होते. चर्नी रोडच्या शासकीय मध्यवर्ती मुद्रणालयात हेच काम करणाऱ्या जुळाऱ्याला निवृत्तिवेतन होते. मोठ्या वर्तमानपत्रांतल्या जुळाऱ्यांना पालेकर, बच्छावत अशा वेतन निवाड्यांचे पगार होते. हात तेच, केस तेच, खिळे तेच. फरक एवढाच, की त्यांच्या हजेरीपटावर नावे जास्त होती.

बाहेरच्या जगात हा बदल गाजत झाला. न्यूयॉर्क टाइम्सने १९७४ मध्ये जुळाऱ्यांच्या संघटनेशी करार केला. व्यवस्थापनाने हवी ती यंत्रे आणावीत, त्याच्या बदल्यात कायम जुळाऱ्यांना निवृत्त होईपर्यंत नोकरीची हमी द्यावी. १ जुलै १९७८ च्या रात्री तिथे शिशात शेवटचा अंक जुळला. त्या रात्रीचा माहितीपट त्याच वर्तमानपत्रात मुद्रितशोधक असलेल्या डेव्हिड लोब वाइस यांनी केला आहे. लंडनमध्ये उलट झाले. जानेवारी १९८६ मध्ये रूपर्ट मर्डोक यांनी आपली वर्तमानपत्रे वॉपिंगच्या नव्या इमारतीत हलवली आणि संपावर गेलेल्या पाच हजारांहून अधिक कामगारांना काढून टाकले. वर्षाहून अधिक काळ दाराशी निदर्शने, लाठ्या, घोडेस्वार पोलीस. दोन्हीकडे यंत्रे जवळपास सारखीच. एकीकडे माणसे नव्या कामाला लागली, दुसरीकडे रस्त्यावर आली, आणि ते यंत्राने ठरवले नव्हते. तिसरीकडे, म्हणजे नारायण पेठेत, वाटाघाट नाही, संप नाही, बातमीही नाही. जिथे भांडायला समोर कोणी शत्रू उभा नाही तिथे माणूस स्वतःलाच दोष देतो. नाना शेवटपर्यंत म्हणत राहिले, ‘‘मलाच ते जमलं नाही.’’

मालकांना खलनायक करणेही खोटे ठरेल. ते स्वतः जुळारीच होते, नानांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पत्रिका फुकट छापून दिल्या होत्या. संगणकाच्या कर्जामागे ऑफसेटचे कर्ज आले. पुढे फलकांसाठी फ्लेक्स आले, पत्रिका मोबाइलवर फिरू लागल्या, आणि हँडबिलांचे कामही आटले. छापखान्याच्या जागेत आता झेरॉक्स आणि लॅमिनेशन चालते. नाना बाइंडिंगला बसले त्या दिवशी मालकांसमोर दुसरा कोणता मार्ग होता, याचे उत्तर प्रामाणिकपणे शोधायला गेले तर तो एकट्या मालकाच्या आवाक्यातला नव्हता असेच निघते. शुद्धलेखन येणाऱ्या, पान बघण्याची नजर असलेल्या शेकडो माणसांना मुद्रितशोधक करता आले असते. त्यासाठी कुठेतरी सहा महिन्यांचा वर्ग, तेवढ्या काळाचा पगार आणि शेवटी एखादा कागद हवा होता. टायपिंगची परीक्षा घ्यायला सरकारी मंडळ होते. नानांसारख्या जुळाऱ्याच्या विद्येची परीक्षा कोणी घेतली नाही, त्यामुळे ती विद्या कागदावर कधी आलीच नाही.

संगणकावर बसलेल्या त्या मुलीची गोष्ट नानांपेक्षा वेगळी, पण फार वेगळी नाही. जुळाऱ्याचे काम मुख्यतः पुरुषांचे होते. डीटीपीने ते बायकांच्या हाती आले, ही या बदलाची चांगली बाजू. लग्नानंतर तिने धायरीला घरीच संगणक घेतला आणि पानाच्या दराने काम सुरू केले. मुले शाळेत गेली की टाइप करायचे, रात्री दुरुस्त्या लावायच्या. प्रकाशक तिला ताई म्हणू लागले. स्वतःच्या पैशांनी तिने स्वयंपाकघराला ओटा बांधून घेतला, मुलाची फी भरली. मानेचे दुखणेही याच कामाने दिले.

मग युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत, रुळले. विंडोजबरोबर र. कृ. जोशींनी रेखलेला मंगल हा देवनागरी फाँट घरोघर आला, मोबाइलवर बोलून लिहिता येऊ लागले, आणि लेखक स्वतःच मजकूर टाइप करून पाठवू लागले. ताईंच्या जुन्या फायली ज्या फाँटात होत्या, तो नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की पडद्यावर अर्थहीन चिन्हांच्या रांगा दिसतात. दोन दशकांचे टंकन असे कपाटातल्या सीडींत अडकून पडले आहे. नानांच्या वेळी धंदा शंभर वर्षांनी बदलला होता. ताईंच्या नोकरीचे आणि धंद्याचे मिळून वीस-पंचवीस वर्षांतच आटोपले, आणि त्या तेव्हा पन्नाशीलाही पोचल्या नव्हत्या.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत अशा माणसांसाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा पगार निधीत भरायचा आणि तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. कल्पना योग्य, पण पंधरा दिवसांच्या पगारात माणूस काय नवे शिकणार, हे तरतूद लिहिणाऱ्यांनी सांगायला हवे होते. आणि ताई तर कोणाच्या कामगारच नाहीत. त्याच वर्षीच्या सुरक्षा आणि आरोग्यविषयक संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेली. सात माणसांचा छापखाना पूर्वी कायद्यापासून तीन माणसे दूर होता, तो आता तेरा माणसे दूर आहे.

ताईंकडे सध्या दुसरेच काम येते. लेखकांनी मोबाइलला बोलून लिहवलेली आणि जुन्या पुस्तकांवरून यंत्राने वाचून काढलेली पाने. त्यांत ‘दिन’ आणि ‘दीन’ एकमेकांच्या जागी बसलेले असतात, ‘ध’चा ‘घ’ झालेला असतो, नावांची वाट लागलेली असते. ‘‘मशीननं केलंय, तुम्ही फक्त नजर टाका,’’ असे म्हणून टंकनाच्या निम्म्याहून कमी दर सांगितला जातो. ताईंचे म्हणणे आहे की नजर टाकायला टाइप करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. कोऱ्या पानावर त्यांना फक्त स्वतःच्या चुका शोधाव्या लागत. आता ताई दर पानामागच्या दुरुस्त्या मोजून वहीत मांडतात आणि बिलाबरोबर तो हिशेब जोडतात. एका प्रकाशकाने दर थोडा वाढवून दिला आहे. दुसऱ्याने हिशेब पाहिला आणि पुढचे पुस्तक दुसरीकडे दिले.